उन्हानं उडालेला हिरवा

ओल्या शाईचा वास आला, की मला रहिमतपूरच्या आमच्या छापखान्यात आलेली ती हिरवी फौजी टोपी आठवते. मुलाच्या प्रथम पुण्यस्मरणाच्या पत्रिका छापायला एक म्हातारे शेतकरी ती घेऊन आले होते. अशा पत्रिका काळ्या शाईत छापतात, पण त्यांना मुलाच्या टोपीचाच रंग हवा होता. त्यासाठी वेगळी शाई करायची, म्हणून आधी कॉम्प्युटरवर तो स्पॉट कलर, म्हणजे त्या खास शाईचा रंग, नेमका बसवायला हवा होता. टोपी वरून विटली होती, म्हणून मी कड उलटून आतल्या कोऱ्या कापडावरून रंग जुळवला. पडद्यावरच्या गर्द हिरव्या चौकोनाकडे ते बराच वेळ बघत राहिले. "ह्यो न्हवं," ते हळू म्हणाले, "ह्यो तर त्यो भरती झाला तवाचा. आमाला वरचा पायजे. त्यात त्येची समदी नोकरी हाय." मग त्यांनी होकारार्थी मान हलवेपर्यंत मी रंग फिका करत गेलो. आता दर दिवाळीला मी कॉम्प्युटरमधले न लागणारे रंग काढून टाकतो. तो हिरवा नंतर कुणालाच लागला नाही, तरी तो आहे तिथंच आहे.