शेवटी सोळा जीबी टाकले

आज बोरीवलीच्या घरी कॉम्प्युटरवाला आला होता. "काकू, रॅम किती टाकू? मेल आणि व्हिडिओ कॉललाच वापरणार ना? आठ जीबी पुरे."

माझा नवरा सुधीर सोसायटीच्या गणपतीचे व्हिडिओ याच कॉम्प्युटरवर जोडायचा. मशीन अडकलं की म्हणायचा, "सोळा टाकू या ना गं." मी म्हणायचे, "चालतंय तोवर चालव रे."

मार्चमध्ये सुधीर गेला.

"सोळा टाका," मी म्हणाले.

संध्याकाळी सवयीने बटण दाबून चहा टाकायला गेले. पूर्वी चहा होईपर्यंत मशीन सुरू व्हायचं नाही. आज पाणी उकळायच्या आत ते तयार होतं. मेल पाहिली, बंद केलं. रडू आलं नाही.

मैत्रिणींनो, तुम्हीही कुणाला इतक्या उशिरा हो म्हणालात का?