शिक्का मारलेली पोच

कोरेगावच्या पंचायत समितीत मी आवक-जावक टेबलावर नोकरी केली. आलेला कागद नोंदवायचा, गेलेला नोंदवायचा. तिथं बसून एकच शहाणपण शिकले आणि येईल त्याला शिकवलं: अर्ज दिलात की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, पोच नसेल तर तुम्ही आलाच नव्हता. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. आक्का गिरणीत दळण टाकलं तरी पोच मागतील, असं माझी धाकटी जाऊ म्हणते.

ही जाऊ इस्लामपूरला राहते, घरीच ब्लाउज शिवते. दीर वारल्यापासून ती कुठं बाहेर पडली नव्हती. मीच तिच्या मागं लागून तिला सांगलीच्या एका सहलवाल्याबरोबर परदेशी नेलं. त्या देशाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं भली माणसंही पुष्कळ भेटली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाजारात हिंडत होतो. मी एका दुकानात फ्रिजला चिकटवायची चित्रं निवडत होते, तेवढ्यात जाऊ मागून आली. चेहरा पांढराफटक. "आक्का, त्या मानसानं मला हात लावला." कुठं, ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तिनं पदर आवळून धरला होता, त्यावरून समजले. तो माणूस पळालासुद्धा नव्हता. समोरच्या ओढण्यांच्या दुकानापुढं उभा राहून गिऱ्हाइकांना हाका मारत होता.

सहलवाला म्हणाला, "ताई, सोडून द्या. दुपारी बोट हाय, बाकीची मंडळी खोळंबत्यात." माझं डोकं फिरलं. म्हटलं, बोट चुकली तरी चालेल, आधी पोलीस चौकी दाखवा.

चौकीतला अधिकारी तरुण आणि अदबशीर होता. बसायला खुर्च्या दिल्या, थंड पाणी दिलं. मी बोलायचं आणि सहलवाल्यानं त्याचं इंग्रजी करायचं, असं सुरू झालं. अंगावर खूण आहे का? कुणी पाहिलं का? तुम्ही परवा परत जाणार, मग कोर्टात कोण येणार? शेवटी म्हणाला, गर्दीत चुकून लागलं असेल. मी म्हटलं, तो माणूस अजून तिथंच उभा आहे, चला, दाखवते. अधिकारी हसला, पण खुर्चीवरून उठला नाही.

तेव्हा माझ्यातली कारकून जागी झाली. म्हटलं, निदान लिहून घ्या आणि पोच द्या. हाताची मूठ करून त्याच्या टेबलावर शिक्का मारून दाखवला. ते त्याला ताबडतोब कळलं. त्यानं त्यांच्या भाषेत चार-पाच ओळी लिहिल्या, जावेची सही घेतली आणि ठसठशीत शिक्का मारून प्रत माझ्या हातात दिली. न वाचता सही करू नका, असं जन्मभर लोकांना बजावणारी मी. पण हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागं, तशी शिक्का बघून हुरळले.

घरी आल्यावर ही हकिकत मी किती जणींना सांगितली असेल! हळदीकुंकवाला, दवाखान्यात, एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. परदेशातल्या पोलिसाकडून पोच घेतली म्हणजे काय! जाऊ बरोबर असली की नुसती मान हलवायची.

दोनेक महिन्यांनी शेजारणीनं मला फोनचा कॅमेरा धरून परकी अक्षरं मराठीत वाचायला शिकवलं, औषधांच्या बाटल्यांसाठी. बाटल्या वाचून झाल्या आणि मी हौसेनं फाइलमधली पोच काढली. फोनचं मराठी मोडकं होतं, अर्थ मात्र स्वच्छ होता. "गर्दीमुळे महिलेचा गैरसमज. महिलेची कोणाविरुद्ध तक्रार नाही. महिला समाधानी." खाली जावेची गोल, शाळकरी सही.

मला स्वतःची लाज वाटली. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सातारा गाठला, सांगलीची गाडी धरली आणि इस्लामपूरला उतरले. जाऊ एका ब्लाउजला हुक लावत बसली होती. मी कागद तिच्यापुढं ठेवला, सगळं एका दमात सांगितलं आणि माफी मागितली.

तिनं सुई थांबवली नाही. "मला ठावं हाय, आक्का. तुमी पोचेचा फोटू धाडला हुता न्हवं, त्यो आल्या आल्याच लेकीनं फोनवर वाचून दावला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमी लय खूश हुता. आन् तुमी लोकांस्नी सांगायला लागला की मलाबी वाटायचं, खरंच कुणीतरी लिवून घेतलंय."

गिऱ्हाइकांची मापं लिहायची तिची वही मी ओढून घेतली आणि कोरं पान काढलं. आपल्या दूतावासाला ईमेल करता येतो, तिची लेक तो धाडून देईल. म्हटलं, "काय झालं ते सांग. तुझ्या तोंडानं." चौकीत सगळं मीच बोलले होते. तिला कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही.

तिनं सुई ब्लाउजात टोचून ठेवली आणि म्हणाली, "तुमी हुताच की तितं."

"मी दुकानात होते."

"ते दुसऱ्यांदा. पयल्यांदा त्यानं हात लावला तवा मी तुमचा दंड धरला हुता. तुमी म्हनाला, चल गं, गर्दीत लागतंच."

मला ते आठवत नव्हतं. पण वाक्य माझंच होतं, त्यात शंका नाही.

माझ्याकडं बघून ती घाईघाईनं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आक्का, ते नगा लिवू."

मी तेच पहिल्या ओळीत लिहिलं.