लांबलेली चतुर्थी

“दोनला निघायचं, साडेसहाला लेकीजवळ. साडेचार तास तर आहेत! उपास तिच्याकडेच सोडीन,” शेजारच्या खुर्चीतल्या काकू फोनवर बहिणीला सांगत होत्या. मुंबईच्या विमानतळावर आम्ही दोघी लंडनच्या विमानाची वाट पाहत होतो. संकष्टी होती. सकाळपासून आपण नुसत्या चहावर आहोत, हेही त्यांनी बहिणीला सांगितलं.

तिकिटावर निघण्याची वेळ इथली असते, पोचण्याची तिथली. मी मोबाइलवर अंतर पाहिलं. सात हजार किलोमीटरांच्या वर, म्हणजे नऊ तास. पश्चिमेकडे जाताना विमान सूर्याच्या मागे धावतं आणि संध्याकाळ पुढे पुढे सरकत राहते. ज्याला पाहून उपास सोडायचा तो चंद्रही तितकाच उशिरा उगवणार. पण काकूंनी लेकीला किती जवळ आणून ठेवलं होतं! ते अंतर दुप्पट करणारी मी कोण? शिवाय मी परदेशात वाढलेली; अनोळखी माणसाशी बोलायचं तर मला मराठी वाक्य आधी मनात दोनदा जुळवावं लागतं.

त्यांनी डबा उघडला, साबुदाण्याची खिचडी पाहिली आणि झाकण लावलं. “राहू दे. आता लेकीच्या हातचंच.”

“काकू,” मी म्हणाले, “दोन घास खाऊन घ्या. आजचा दिवस खूप मोठा आहे.”