मामांच्या विगची जाहिरात

तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, आणि त्यात अतिशयोक्ती मुळीच नव्हती. बूड टेकवून चहा पिताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. इंटरनेटवर लोक काहीबाही शोधतात, तिथे दिसतील अशा जाहिराती लावून देणं हा तिचा धंदा, आणि असल्या माणसाला हा धंदा फार वाईट. जाहिरात सोडली की निदान दिवसभर तिच्याकडे बघू नये. भिंगरी पाच मिनिटांनी बघायची.

त्यातून या वेळचं गिऱ्हाईक म्हणजे सख्खा मामा. मामा विग करायचे. नाटकातले नव्हेत, आजारपणात ज्यांचे केस जातात त्यांच्यासाठी, बारीक जाळीत आकडीने एकेक केस गाठवून. हल्ली माणसंच येईनाशी झाली होती. "महिनाअखेरपर्यंत बघतो," मामांनी सांगितलं होतं, "नाहीतर खोली सोडतो आणि गप्प घरी बसतो." वडील गेल्यावर भिंगरी याच खोलीत, याच टेबलाच्या कोपऱ्यावर अभ्यास करून मोठी झाली होती. खोली सुटण्याचा विचार आला की ती उठून जाहिरात पुन्हा तपासायची.

सुरुवातीला तिने 'विग' हा शब्द ब्रॉड ठेवला, म्हणजे सैल. सैल सोडला की यंत्र जवळचं, लांबचं, ओढूनताणून नात्यातलं सगळं गोळा करून आणतं. कुणाला केस वाढवायचं तेल हवं, कुणाला टक्कल झाकायची टोपी. तिसऱ्या दिवशी मामांनी फोन केसांच्या पिशवीत कोंबला.

"अगं, मी काम करू की लोकांना नाही म्हणत बसू?"

भिंगरीने लगेच दुसरं टोक गाठलं: एग्झॅक्ट. आता कुणी 'आजारपणातला विग' असं, अगदी त्याच अर्थाचं लिहिलं तरच जाहिरात दिसणार. फोन गप्प झाला. दोन दिवस हूं की चूं नाही. पाचव्यांदा ती विचारायला गेली तेव्हा मामा खेकसले, "चालू आहे गं बाई फोन, मेलेला नाही!"

मग मधला मार्ग, फ्रेज. विषय विगचाच हवा, मागेपुढे आणखी काहीही चालेल. फोन पुन्हा सुरू झाले, पण त्यातले निम्मे लग्नाचे. मित्राच्या लग्नात नाचायला रंगीत विग, तेही भाड्याने. मामांचा पारा चढला. "आणखी एक लग्नाचा फोन आला ना, तर ही जाहिरातच काढून टाक."

नको असलेल्या शब्दांची एक यादी असते. त्यातला शब्द शोधात आला की जाहिरात लपते. पण तिथे यंत्र मठ्ठ, दिलेलं रूप तेवढंच ओळखतं. म्हणून भिंगरीने लग्न, लग्नात, लग्नाला, लग्नासाठी, सगळं एकही फट न ठेवता लिहून काढलं. आणि खरंच, फोन शहाण्यासारखे येऊ लागले. दहा दिवसांत मामांनी दोघांच्या डोक्यांची मापं घेतली. ते चक्क शीळ घालू लागले. भिंगरीची चुळबूळ मात्र थांबेना. सगळं नीट चाललंय याचाच तिला भरवसा वाटेना.

महिना संपायला दोन दिवस असताना एक बाई जिना चढून आल्या. डोक्याला घट्ट रुमाल. जाहिरात पाहून नव्हे, दवाखान्यातल्या नर्सने पत्ता दिला होता. मामांनी खुर्ची पुढे केली, टेप काढली.

"तुम्ही आधी सापडायला हवे होतात," बाई म्हणाल्या. "आठवडाभर मोबाईलवर शोधत होते."

भिंगरीला राहवेना. "काय लिहिलं होतंत, काकू?"

"काय लिहिणार? मुलीच्या लग्नात घालायला विग."

"मग... झालं लग्न?"

"झालं रविवारी. मी आतल्या खोलीत बसून राहिले. पाहुण्यांना सांगितलं, ताप आहे. लेक फोटोसाठी दोनदा बोलवायला आली. नाही गेले."

कपाटात नमुन्याचे दोन विग तयार होते. त्यातला एक बाईंना उसना देता आला असता. भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलंही नसतं. यंत्राच्या नावाने खापर फोडून मामाही मोकळे झाले असते.

"काकू, तुम्ही बरोबर शोधलं होतंत," ती म्हणाली. "लग्नाचे शोध मीच बंद केले. आम्हाला त्या फोनचा वैताग आला होता."

बाईंनी रुमालाची गाठ आणखी घट्ट केली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"अजून बंदच आहेत?"

"हो."

"मग माझ्या तोंडाकडे काय बघत उभी राहिलीस? आजही कुणाच्या तरी घरी लग्न असेल."

भिंगरीने मामांकडे पाहिलं.

"काढ ते सगळे शब्द," मामा म्हणाले. "नाचणाऱ्यांचेही फोन येऊ देत. खोली सोडत नाहीये मी, फोन घेत बसेन." मग त्यांनी आरसा भिंतीकडे फिरवला आणि बाईंना म्हणाले, "आता सोडा रुमाल. सावकाश."