गयाबाई आणि कोर्टाची मराठी

वकिलाच्या कोटाला खिसे मोजके, पण किस्से किती साठतात म्हणता! त्यातून तो मजुरांचा वकील असला तर खिसे रिकामे आणि किस्सेच किस्से. चार मित्र जमले की म्हणतात, एखादा हसायचा सांग. सांगतो. हसायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

*

अमरावतीच्या बाररूममध्ये मी नवा होतो. नांदगाव खंडेश्वरकडचा, आमच्या वस्तीतला पहिलाच वकील. तिथला पाणक्या बाकीच्यांना गिलास भरून देई आणि मला ओंजळ करायला सांगे. अंगात काळा कोट आणि खिडकीशी वाकून ओंजळीनं पाणी!

एका ज्येष्ठ वकिलांना विचारलं, आता यावर कायदा झालाय, फिर्याद करू का? ते अगदी गहिवरले. "केस भक्कम आहे हो तुमची. मीच चालवली असती. पण घरी सोवळ्यातली आई आहे ना."

*

पुढं अकोल्याहून गयाबाई आली. आमच्यातलीच, मला भाऊ म्हणायची. तिथल्या एका जिनिंग फॅक्टरीत कापूस वाहायची. नवरा दम्यानं घरी बसलेला, दोघांचं पोट तिच्या हातावर.

चैत्रातल्या उन्हात एकदा तिचा घसा सुकला. वरून पाणी वाढणारा माणूस जागेवर नव्हता. तिनं आपल्या हातानं रांजणात लोटा बुडवला आणि फॅक्टरीत एकच बोंब झाली. शेवटी बाकीच्या बाया मध्ये पडल्या. तिनं रांजणाला शिवायचं नाही, मॅनेजरनं तिला काढायचं नाही, असं सगळ्यांसमोर ठरलं. आठवड्यातच तिला फाटक बंद झालं.

मी अकोल्याला जाऊन जाब विचारला, तर मॅनेजर शांतपणे म्हणाला, "काढलं कोण म्हणतं? आम्ही फक्त बोलावत नाही." गयाबाईला माफी नको होती, भरपाई नको होती. तिला तिचं काम परत पाहिजे होतं.

*

नोटीस गेल्यावर खुद्द शेटनी मला चहाला बोलावलं. अंगात पांढरीशुभ्र खादी, बोलणं मधाळ. "जातपात मी मानत नाही, वकीलसाहेब. रांजण तेवढा मानतो."

चहा त्यांना कपबशीत आला, मला काचेच्या गिलासात. मी तो तसाच ठेवून उठलो.

*

अर्जात मी आणखी एक मागणी घातली होती. बाया गड्यांइतकाच कापूस वाहतात, तर मजुरी अर्धी का? मॅनेजर साक्षीत म्हणाला, बायका बोलतात फार, काम कमी होतं. मी विचारलं, मशिनींच्या त्या धडधडाटात शेजारच्याचं तरी ऐकू येतं का?

"नाही येत. म्हणून तर तेच तेच पुन्हा बोलतात."

कोर्ट हसलं आणि मुद्दा तिथंच बारगळला.

*

मग गयाबाई पिंजऱ्यात उभी राहिली. कारकुनानं ईश्वराची शपथ घ्यायला सांगितली, तर ती घेईना. न्यायाधीशांनी कारण विचारलं.

"ईश्वर त नागपूरले सोडून आलो जी आमी."

मग खरं कोणाच्या भीतीनं बोलणार, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "खरं बोलाले भेव कावून लागते?" हसू पुन्हा पिकलं. अखेर बिनदेवाची शपथ झाली.

*

महाराष्ट्र तेव्हा नुकताच झाला होता. न्यायाधीश पुण्याकडचे, शेटचा वकीलही तिकडचाच. त्यानं गोड आवाजात विचारलं, "बाई, मॅनेजरसमोर तुम्ही राजीनामा दिलात, हे खरं ना?"

"झाला न जी राजीनामा. सगळ्यायच्या समोर झाला."

"राजीखुशीनं?"

"हो. राजीखुशीनं." आणि कसं खरं बोलले, अशा नजरेनं तिनं माझ्याकडं पाहिलं.

मी ताडकन उठलो. सांगितलं, साहेब, आमच्या वऱ्हाडात भांडण मिटवण्याला राजीनामा म्हणतात, इथल्या जुन्या कोर्टातही तडजोडीला हाच शब्द होता, बाई त्या रांजणाच्या समझोत्याचं बोलते आहे. न्यायाधीशांनी मान वर न करता म्हटलं, "वकीलसाहेब, मराठी आम्हाला शिकवू नका." आणि बाईनं आपणहून नोकरी सोडल्याची कबुली लिहून घेतली. मला खाली बसावं लागलं.

निकालही तोच लागला. काम नाही, मजुरी नाही.

बाहेर व्हरांड्यात गयाबाई उभी होती. केस गेली, एवढंच मी बोललो. कशानं गेली ते सांगायला माझी जीभ रेटेना.  तर तीच माझी समजूत काढल्यासारखी म्हणाली, "जाऊ द्या न भाऊ. आता तुमीच त्यायच्यासंग राजीनामा करून टाका."