मायक्रोफोन कोण वापरतंय

बाईंचा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं किती सोपं असतं, हे त्यांनी तिथेच पाहिलं होतं. म्हणून निवृत्तीनंतरही त्यांचा कुणावर चटकन विश्वास बसत नसे. आता त्या घरी बसून लोकांची रेकॉर्ड केलेली भाषणं ऐकून टाइप करून द्यायच्या.

अलीकडे कॉम्प्युटर शब्दागणिक अडखळू लागला, तेव्हा त्यांनी टास्क मॅनेजर उघडला. कुठला प्रोग्राम किती मेमरी खातोय ते तिथे दिसतं. सगळ्यात वर एक अनोळखी नाव ठाण मांडून बसलं होतं. बाईंनी ते बंद केलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर सुरू करताच स्वारी पुन्हा हजर. खोली शांत असली की त्याचा आकडा जागचा हलत नसे, कुणी बोलू लागलं की चढे. सेटिंग पाहिलं, तर मायक्रोफोनची परवानगीही त्याला दिलेली.

बाईंनी कॉम्प्युटरच्या दुरुस्तीवाल्याला फोन लावला. "तुम्ही काही बसवून गेलात का?"

"नाही हो काकू, मी नुसता पंखा साफ केला."

मग उरले यजमान. लाकडाच्या वखारीत करवतीच्या मशीनवर हयात घालवलेला माणूस. पण हल्ली संध्याकाळी कॉम्प्युटरजवळच खुर्ची टाकून बसायचे. बाई बोलत असल्या की स्क्रीनकडे बघायचे, त्या जवळ आल्या की समोरचं घाईने मिटवायचे. मुलीशीही मेसेजवर काहीतरी गुपचूप चालायचं.

एका संध्याकाळी बाईंनी मुद्दाम तो प्रोग्राम बंद केला आणि स्वयंपाकघरातून विचारलं, "अहो, मुलगी रविवारी येणार आहे का?"

"ठेवलाय की, दाराजवळ."

"काय ठेवलाय?"

"उद्या बघू."

बाई बाहेर आल्या. यजमान रिकाम्या स्क्रीनकडे बघत कावरेबावरे झाले होते. त्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि सावकाश म्हणाल्या, "तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी बाईंच्या ओठांकडे पाहिलं आणि मान खाली घातली. "मुलीनं बसवून दिलंय. तू बोललीस की तिथे लिहून येतं. तेवढं वाचतो मी."

"मला का नाही सांगितलंत?"

हे त्यांना नीट कळलं नाही. तरी उत्तर त्याचंच आलं. "परत विचारलं की तू वैतागतेस."

गेलं वर्षभर यजमानांच्या नुसत्या 'हं'ला बाई बेफिकिरी समजत आल्या होत्या. त्यांनी प्रोग्राम पुन्हा सुरू केला आणि मुलीला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. ते सगळं समोर लिहून येत होतं. यजमान वाचता वाचता हसू दाबत होते.

पुढे कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन यंत्र आणलं. पण ते शिट्टी मारतं म्हणून यजमान संध्याकाळी काढून ठेवतात. बाईंनी कॉम्प्युटरची मेमरी वाढवून घेतली आणि स्वतःची खुर्ची त्यांच्या खुर्चीशेजारी सरकवली.