गरम हौदात बुटांसकट

आइसलँडमधल्या त्या खाडीकाठच्या गावात हाल्बेरा सव्वीस वर्षं बायकांच्या न्हाणीघराच्या दारात उभी होती. पोहण्याच्या तलावावर तिचं काम एकच. अंगावर चिंधी न ठेवता, साबण लावून अंग धुतल्याशिवाय कुणालाही पाण्यात सोडायचं नाही, मग ती शाळकरी पोर असो की चर्चची पाद्रीणबाई. मासळीच्या कारखान्यातून आलेल्या बायकांना ती तोंडावर सांगायची, "काखेत लाव अजून. मी काही आंधळी नाही."

आंधळी नव्हतीच ती. दर मंगळवारी शाळेच्या पोरी यायच्या आणि कोण भिंतीला टेकून ओठ चावतेय, कोण पोट धरून बाकावर दुमडलीय, हे तिला सगळ्यांच्या आधी दिसायचं. तिच्या कपाटात जाड लोकरी मोजे होते, तांदूळ भरून तोंड शिवलेले. कॉफीच्या खोलीत गरम करून, काही न विचारता, ती ते पोरीच्या पोटावर ठेवायची.

एदिस चौदा वर्षांची. दर महिन्याला तिला असं दुखायचं की उलटी व्हायची, पाय लटपटायचे. पण पोहण्याची परीक्षा दिल्याशिवाय शाळेतून सुटका नाही, आणि पोहायला शिकवणारा थोर्केल हजेरीच्या बाबतीत पक्का खडूस. "पाळी म्हणजे काही आजार नाही," तो म्हणायचा. "पोहवत नसेल तर गरम हौदात बस. शेकलं की थांबतं."

गरम हौद म्हणे, तलावाशेजारचा, जमिनीतून येणाऱ्या कढत पाण्याचा. या गावात कंबर धरली, बस हौदात. नवरा सोडून गेला, बस हौदात. बाप वारला, तरी हौदच. हाल्बेरालाही, ती एदिसएवढी असल्यापासून, तिच्या आईनं, मास्तरानं, दोन डॉक्टरांनी हेच सांगितलं होतं आणि ती मुकाट बसली होती, वर्षानुवर्षं. एकेचाळिसाव्या वर्षी राजधानीत तिचं पोट उघडलं, तेव्हा आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं निघालं. मूल होण्याची आशाच संपली. "इतकी वर्षं कुठे होतीस?" तिथल्या सर्जननं विचारलं. कुठे असणार, मेल्या? हौदात.

त्या मंगळवारी थोर्केलनं एदिसला हौदात बसवलं आणि पोरगी बसल्या जागी पाण्याखाली गेली. हाल्बेरानं काचेतून पाहिलं, धावत सुटली, दंडाला धरून तिला वर ओढलं. एदिस शुद्धीवर आली तेव्हा थोर्केल म्हणाला, "न्याहारी केली नसेल. या वयात पोरी उपाशी राहतात." गावच्या गिस्ली डॉक्टरनं गोळ्यांची पट्टी हातात ठेवली, पाणी पीत जा म्हणाला आणि घरी पाठवलं.

घरी जाण्याआधी एदिस टॉवेल न्यायला आली. "हाल्बेरा, खरं सांग. मी नाटक करते का? सगळे म्हणतात तसं."

हाल्बेराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्याशा पोरीचा स्वतःच्या पोटावरचा विश्वास काढून घेतला होता या लोकांनी.

सकाळी सातला हौदात गावाचा दरबार भरायचा. दुसऱ्या दिवशीही थोर्केल गळ्यापर्यंत पाण्यात होता, शेजारी गिस्ली. हाल्बेरा कामाच्या झग्यात, पायात रबरी बूट, फरशी पुसलेल्या हातांनीच पायऱ्या उतरली आणि दोघांच्या मधोमध बसली.

"अंग न धुता?" थोर्केल ओरडला. "बूट घालून? सगळं पाणी नासवलंस."

"काल इथं पोरगी बुडाली तेव्हा तुझा आवाज एवढा चढला नाही. माझ्या बुटांना चढला." मग ती गिस्लीकडे वळली. "आणि तू. किती वर्षं दुखतंय, हे तरी विचारलंस का तिला?"

गिस्ली कठड्यावर सरकला. "तुझी नोकरी जाईल, हाल्बेरा."

"जाऊ दे. मला नव्हतं कुणी विचारलं. माझ्या पोटावर टाके आहेत आणि घरात पाळणा नाही. आज तिच्या आईला बोलाव आणि राजधानीच्या तज्ज्ञ बाईंच्या नावानं चिठ्ठी दे. नाही दिलीस तर उद्याही बूट घालून येते, परवाही येते."

हौद रिकामा करावा लागला. नगरपालिकेनं हाल्बेराला लेखी ताकीद दिली आणि हौद तिलाच घासायला लावला.

दुपारी एदिस काठाशी येऊन उभी राहिली. हातात गिस्लीची चिठ्ठी होती. हाल्बेरानं हात पुसून ती घेतली. नाव, पत्ता, मग वय. चौदा. तो आकडा तिनं दोनदा वाचला. तिच्या स्वतःच्या चिठ्ठीवर एकेचाळीस लिहिलेलं होतं.

"आतल्या खिशात ठेव," ती म्हणाली. "भिजवू नकोस."

पोरगी गेली. मधल्या सत्तावीस वर्षांचा राग हाल्बेराला नव्यानं आला, आणि ती पुन्हा हौद घासायला लागली.